घरं कमी, पैसा जास्त: २०२४ मध्ये घरबाजारात झालं तरी काय?

निशिगंधा_भांडुप | ५ जानेवारी २०२५, रात्री १०.४०

नमस्कार मंडळी. सात वर्षं झाली, भांडुपला भाड्याने राहतोय. मी, नवरा आणि दुसरीतली लेक. भाडं सत्तावीस हजार. दर अकरा महिन्यांनी नवा करार, आणि दर वेळी पोटात तोच गोळा, की मालक "आता मुलाला लागतंय घर" म्हणाला तर लेकीची शाळा, स्कूलबस, सगळं पुन्हा पहिल्यापासून. २०२४ उजाडलं तेव्हा ठरवलं होतं, यंदा घ्यायचंच. वर्ष संपलं, आम्ही तिथेच.

गेल्या आठवड्यात वर्षअखेरचे आकडे वाचले आणि तेव्हापासून डोक्यात तेच घोळतंय. ॲनारॉक या मालमत्ता सल्लागार कंपनीच्या हिशेबाने देशातल्या सात मोठ्या शहरांत २०२३ मध्ये सुमारे ४.७७ लाख घरं विकली गेली, २०२४ मध्ये ४.६० लाख. म्हणजे ४ टक्के घट. पण विकलेल्या घरांची एकूण किंमत मात्र १६ टक्क्यांनी वाढून ५.६८ लाख कोटींवर गेली. मी मोबाइलवर भागाकार केला. सरासरी विकलेलं घर जवळपास १ कोटी २३ लाखांचं निघालं. आदल्या वर्षी हाच आकडा १ कोटी २-३ लाख होता.

आम्ही दोघं मिळून महिन्याला दीड लाखाच्या आसपास कमावतो. आई म्हणते तुमचा पगार म्हणजे राजाचा पगार. मग या बाजारात आम्ही कुठे बसतो? घरं कमी खपली म्हणजे भाव उतरतील, म्हणून थांबायचं का? की आता थांबणं म्हणजे आणखी लांब जाणं? अनुभव असलेल्यांनी सांगा. कोणाकोणाचा २०२४ मधला व्यवहार झालाय, तेही लिहा.

वसईची_पोर | ५ जानेवारी, रात्री ११.०५

ताई, तुमचं पोस्ट वाचून मीच लिहिलंय असं वाटलं. वाचतेय.

गिरणगाव | ६ जानेवारी, सकाळी ७.१२

माझं स्पष्ट मत: थांबू नका. १९९४ पासून ऐकतोय, भाव पडणार, भाव पडणार. मुंबईत भाव पडत नाहीत, फार तर काही वर्षं जागेवर उभे राहतात. पगार वाढेपर्यंत थांबतो म्हणणारे माझे तीन मित्र आज बदलापूर, टिटवाळा आणि पालघरला आहेत.

आकडेमोड | ६ जानेवारी, सकाळी ९.३०

गिरणगाव काका, "जागेवर उभे राहतात" हेच खरं तर महत्त्वाचं. महागाई वाढत असताना दर पाच-सहा वर्षं जागेवर राहिले, तर घर तेवढं स्वस्तच झालं. २०१४ ते २०२० मध्ये मुंबईच्या पुष्कळ भागांत तेच घडलं. त्या काळात भाड्याने राहून पैसे साठवणारे काही मूर्ख नव्हते.

निशिगंधा, आकड्यांबद्दल थोडं सविस्तर लिहितो, कारण बातम्या वाचून लोक उगाच घाबरतात किंवा उगाच हुरळतात.

एक तर मोजणारे वेगवेगळं मोजतात. ॲनारॉक सात शहरं धरते आणि ४ टक्के घट सांगते. नाइट फ्रँक ही दुसरी सल्लागार कंपनी आठ शहरं धरते, तिचा २०२४ चा आकडा सुमारे साडेतीन लाख घरांचा आहे आणि ती ७ टक्के वाढ सांगते, बारा वर्षांतली सर्वाधिक विक्री म्हणून. देश तोच, वर्ष तेच. हद्दी वेगळ्या, मोजायची पद्धत वेगळी. मुंबई शहर आणि उपनगरांतल्या नोंदण्या पाहिल्या तर त्याही वाढल्यात, २०२३ मध्ये सव्वा लाखाच्या थोड्या वर, २०२४ मध्ये १ लाख ४० हजारांच्या वर. फक्त नोंदण्यांत जुन्या घरांचे व्यवहार येतात, घर सोडून बाकीच्या मालमत्ताही येतात. म्हणून हे तीन आकडे एकमेकांना खोटं पाडत नाहीत.

दुसरं, भाववाढ. सात शहरांत सरासरी दर २१ टक्के वाढला, असं ॲनारॉक म्हणते. त्याच काळातला रिझर्व्ह बँकेचा घरकिंमत निर्देशांक घ्या. तो मोठ्या शहरांतल्या नोंदणी कार्यालयांच्या आकड्यांवरून काढतात. त्यात वाढ आहे सुमारे ४ टक्के. एवढा फरक कसा? २१ टक्क्यांत नव्या प्रकल्पांचा जोर आहे, आणि नवे प्रकल्प मोठ्या, महागड्या घरांचे निघताहेत. दुकानात आंबाडी ठेवायची बंद करून नुसता हापूस ठेवला, तर भाजीवाल्याचा सरासरी दर वाढणारच. हापूस तितका महागला असेलच असं नाही.

तेव्हा "माझं घर एका वर्षात २१ टक्के लांब गेलं" असं समजू नका. तुम्ही जे घर बघताय, त्या इमारतीचा, त्या गल्लीचा दर बघा.

दुसरा_मजला | ६ जानेवारी, सकाळी १०.०२

आंबाडी आणि हापूस एका दुकानात बघितलेले नाहीत, पण मुद्दा पोचला 😄

गुरुग्रामकर | ६ जानेवारी, दुपारी १.२०

इकडची हकीकत सांगतो, मूळचा मी डोंबिवलीचा. तुमच्याकडे वाढ, तर इकडे वणवा. दिल्लीच्या परिसरात दर एका वर्षात ३० टक्के चढल्याचे आकडे आलेत, आणि ते मला खोटे वाटत नाहीत, कारण आमच्याच सोसायटीसमोरच्या प्रकल्पात हे डोळ्यांनी पाहिलं. ७०-७५ लाखांचं नवीन घर शहराच्या हद्दीत कोणी बांधतच नाही. तीन-चार कोटींचं बांधतात आणि आठवड्यात विकून मोकळे होतात. घेणारे राहायला येत नाहीत. रात्री बाल्कनीतून समोरचा टॉवर बघितला तर तीस मजल्यांत दहा-बारा दिवे. माझ्या कामवाल्या बाई त्याच टॉवरच्या मागे पत्र्याच्या खोलीत राहतात.

साइटवरचा_माणूस | ६ जानेवारी, रात्री ९.१५

सोळा वर्षं बांधकामात आहे, म्हणून बिल्डरच्या बाजूचंही सांगतो. वन बीएचके बांधण्यात त्याला रस का नाही? जमिनीचा भाव, मंजुऱ्यांचे प्रीमियम, एफएसआयचा (प्लॉटवर किती बांधता येईल त्या हक्काचा) खर्च हे चौरस फुटावर बसतं. एका टू बीएचकेच्या जागेत दोन वन बीएचके काढले तर दोन स्वयंपाकघरं, चार मोऱ्या-संडास, दुप्पट प्लंबिंग, दुप्पट गिऱ्हाइकं आणि दुप्पट वसुली. आणि छोटं गिऱ्हाईक कर्जावर अवलंबून, बँकेने नाही म्हटलं की बुकिंग रद्द. गेल्या वर्षी आधी लोकसभा, मग विधानसभा, त्यात मंजुऱ्याही रखडल्या. जे प्रकल्प निघाले त्यांत ज्याला त्याला मोठंच घर काढायचं होतं.

एक सांगून ठेवतो. सॅम्पल फ्लॅट बघायला जाताना खिशात मेजरटेप घेऊन जा. माझी बहीण ठाण्यात बघायला गेली तेव्हा मी बरोबर होतो. बेडरूम छान मोकळी दिसत होती. पलंग मोजला, लांबी साडेपाच फूट. मुद्दाम करून घेतलेला. आतल्या दारांना पल्लेच नव्हते, म्हणून खोली मोठी वाटते. कपाट फक्त सव्वा फूट खोल, हँगर आडवा राहणार नाही. घरचा सव्वासहा फुटांचा पलंग टाकला असता तर दार अर्धंच उघडलं असतं. रेरा कार्पेट (रेरा कायद्याने ठरवलेलं आतलं क्षेत्रफळ) बघा, पण त्यात आतल्या भिंतींची जाडीही धरलेली असते हे लक्षात ठेवा. मोकळी फरशी त्याहून कमी.

निशिगंधा_भांडुप | ६ जानेवारी, रात्री १०.३०

@साइटवरचा_माणूस दादा, आम्ही बघितलेल्या घरातही दारं नव्हती!! मी विचारलं तर तो मुलगा म्हणाला, "मॅडम, ओपन फील."

आता आमचा हिशेब मांडते. भांडुपलाच बांधकाम चालू असलेली इमारत, वन बीएचके, ४१० फूट कार्पेट, पार्किंग नाही, १ कोटी १५ लाख. बँकेचं किती होईल?

बँकेतली_मावशी | ७ जानेवारी, सकाळी ११.४५

निशिगंधा बाळा, तीस वर्षांतली अठरा वर्षं मी गृहकर्जाच्या टेबलावर होते. निवृत्त झाले, सवय गेली नाही. वही काढ.

७५ लाखांच्या वरच्या कर्जाला बँक घराच्या किमतीच्या ७५ टक्क्यांपेक्षा जास्त देऊ शकत नाही, तो रिझर्व्ह बँकेचा नियम. ३० ते ७५ लाखांच्या कर्जाला ८० टक्के, ३० लाखांपर्यंत ९०. तेव्हा १ कोटी १५ लाखांवर तुला जास्तीत जास्त ८६ लाख २५ हजार. तुझ्या खिशातले पावणेएकोणतीस लाख.

आता त्यावरचं. मुंबईत मुद्रांक शुल्क मेट्रो अधिभार धरून ६ टक्के, म्हणजे ६ लाख ९० हजार. नोंदणी ३० हजार. हे दोन्ही बँक किमतीत धरत नाही. बांधकाम चालू असल्याने ५ टक्के जीएसटी, ५ लाख ७५ हजार. एक टक्क्याचा जीएसटी ४५ लाखांपर्यंतच्या घरालाच, तो तुला लागू नाही. बेरीज केलीस तर तुझ्या हातचे लागतात ४१ लाख ७० हजार. सोसायटी स्थापना, दोन वर्षांचा आगाऊ मेंटेनन्स, वकील हे अजून घातलंच नाही.

साडेआठ टक्क्यांनी वीस वर्षांचा हप्ता सुमारे ७४ हजार ८५०. दीड लाखात निम्मा पगार. आमच्या काळी मी असा अर्ज मंजुरीसाठी वर पाठवताना दोनदा विचार केला असता. बँक देईल गं. पण लेकीचं दुखलं-खुपलं आणि दोघांतल्या एकाची नोकरी सुटली तर? सहा हप्ते बाजूला ठेवूनच सही कर.

घर फक्त तुझ्या एकटीच्या नावावर घेतलंस तर मुद्रांक शुल्कात एक टक्का सूट आहे. नवऱ्याचं नाव घातलं की सूट गेली. कर्जात तो सहकर्जदार राहू शकतो.

वसईची_पोर | ७ जानेवारी, दुपारी १२.२०

४१ लाख रोख? मावशी, वाचूनच घाम फुटला. म्हणजे हप्ता परवडणाऱ्यालाही घर परवडत नाही. हे कुठल्याच बातमीत लिहीत नाहीत.

कोथरूडकर | ७ जानेवारी, दुपारी २.१०

मग मुंबईचा हट्ट कशाला? पुण्यात या आनंदाने.

गिरणगाव | ७ जानेवारी, दुपारी ३.००

नोकरी कुठे आहे त्यांची? रोज डेक्कन क्वीनने जाणार का? हट्ट नाही हो तो. लालबागच्या आमच्या चाळीत एकशे साठ चौरस फुटांच्या खोलीत आम्ही सात माणसं वाढलो. वडील गिरणीत. पहाटे गिरणीच्या भोंग्याने जाग यायची. ज्यांनी हे शहर चालवलं त्यांच्या पोरांनी शहराबाहेर जावं, हे मला तरी पटत नाही. गिरण्यांच्या जमिनीवर आज जे उभं आहे, त्यातला लिफ्टचा पॅसेजसुद्धा आमच्या खोलीपेक्षा मोठा आहे.

कोथरूडकर | ७ जानेवारी, दुपारी ३.२५

काका, माफ करा, मी सहज बोलून गेलो. पुण्यातही आता नोकरीच्या जवळ घर घेणं तसंच कठीण झालंय.

दुसरा_मजला | ७ जानेवारी, रात्री ८.४०

म्हाडाचं कोणी बोललं नाही. मुंबई मंडळाची ऑक्टोबर २०२४ ची सोडत, घरं २,०३०, अर्जदार १ लाख १३ हजारांच्या वर. दर घरामागे पंचावन्न माणसं. मी चौथ्यांदा भरला होता. सोडतीच्या दिवशी ऑफिसच्या जिन्यात उभा राहून फोनवर बघत होतो, प्रतीक्षा यादीतही नाव नाही. तरी पुढच्या वेळीही भरणार. मागणी नाही असं जे म्हणतात त्यांनी हे आकडे बघावेत. माणसं आहेत, पगार आहे, त्या किमतीचं घर नाही.

आकडेमोड | ७ जानेवारी, रात्री ९.१०

+१. आणि हेच मूळ प्रश्नाचं उत्तर आहे. विक्री ४ टक्के घटली ती मागणी आटली म्हणून नाही. नाइट फ्रँकच्या आकड्यांत विकलेल्या घरांपैकी जवळपास निम्मी एक कोटीच्या वरची आहेत, आणि ५० लाखांखालच्या घरांचा वाटा वर्षागणिक घसरतोय. पंतप्रधान आवास योजनेचा नवा टप्पा सप्टेंबर २०२४ पासून आहे, त्यातलं व्याज अनुदान ३५ लाखांपर्यंतच्या घराला. मुंबई महापालिकेच्या हद्दीत ३५ लाखांचं नवं घर दाखवा. तेव्हा निशिगंधा, खालच्या टोकाला भाव पडण्याची वाट बघण्यात अर्थ नाही, तिथे मालच कमी आहे. पण वरच्या टोकाला घाई करण्यातही नाही.

प्रभादेवीचे_आजोबा | ८ जानेवारी, सकाळी ६.५०

जरा अवांतर. माझी १९९६ ची जागा विकायची आहे, मुलाकडे जातोय. जुलैच्या अर्थसंकल्पात इंडेक्सेशन (खरेदी किंमत महागाईनुसार वाढवून धरणं) काढलं, कर १२.५ टक्के केला. मला मोठा फटका बसणार का?

बँकेतली_मावशी | ८ जानेवारी, सकाळी १०.१५

आजोबा, ऑगस्टमध्ये त्यात दुरुस्ती झाली. २३ जुलै २०२४ च्या आधी घेतलेल्या घराला निवासी भारतीयांना दोन्हीपैकी कमी भरेल तो कर. इंडेक्सेशनसह २० टक्के किंवा त्याविना १२.५. आणि २००१ च्या आधीची जागा असल्याने १ एप्रिल २००१ चं मूल्यांकन करून घ्या, नोंदणीकृत मूल्यांककाकडून. पुढचं सीएला विचारा.

प्रभादेवीचे_आजोबा | ८ जानेवारी, सकाळी १०.४०

उपकार झाले ताई.

मोरीवाली | ९ जानेवारी, रात्री ११.३०

निशिगंधा, रीसेल बघितलंत का? जुनी इमारत, भोगवटा प्रमाणपत्र (राहायला वापरण्याची परवानगी) असलेली. जीएसटी शून्य, सॅम्पल फ्लॅट नाही, जे आहे ते समोर. आम्ही मे २०२४ मध्ये विक्रोळीला घेतलं. एजंट म्हणत होता या इमारतीत ९८ च्या खाली काही नाही. नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावर ई-सर्च आहे, तिथे गाव आणि मिळकत क्रमांक टाकून आमच्याच इमारतीतल्या दोन वर्षांतल्या सूची २, म्हणजे नोंदलेल्या व्यवहारांचे गोषवारे, काढल्या. वरच्या मजल्यावरचं तसंच घर चार महिन्यांपूर्वी ८७ ला गेलं होतं. तो कागद मालकासमोर ठेवला. काकू आत गेल्या, चहा घेऊन आल्या, आणि ८९ ला ठरलं. जाहिरातीतला भाव आणि नोंदणीतला भाव यांत असं अंतर असतं.

निशिगंधा_भांडुप | १० जानेवारी, सकाळी ८.०५

मोरीवाली ताई, हे मला कोणी सांगितलंच नव्हतं. आज रात्री दोघं बसून काढतो.

साइटवरचा_माणूस | १० जानेवारी, दुपारी १.४५

अनुमोदन. फक्त जुन्या इमारतीत स्लॅबचं गळणं पावसात बघा, उन्हाळ्यात नाही. रंग नुकताच दिलेला असेल तर नखाने खरवडून बघा.

वसईची_पोर | ७ फेब्रुवारी, दुपारी १२.३०

धागा वर काढतेय. रेपो दर (रिझर्व्ह बँक बँकांना ज्या दराने कर्ज देते तो) ६.५० वरून ६.२५! जवळजवळ पाच वर्षांनी कपात. ताई, आता?

गिरणगाव | ७ फेब्रुवारी, दुपारी १.००

आता भाव आणखी चढणार. मी म्हणत होतो.

बँकेतली_मावशी | ७ फेब्रुवारी, सायंकाळी ५.३०

थोडं हळू. ज्यांचं कर्ज चालू आहे त्यांनी आधी आपलं कर्ज कशाला जोडलंय ते बघा. ऑक्टोबर २०१९ नंतर बँकेकडून घेतलेलं बदलत्या दराचं कर्ज बाहेरच्या दराला, बहुतेक रेपोलाच, जोडलेलं असतं, आणि तीन महिन्यांत दर बदलावाच लागतो. त्याआधीचं कर्ज एमसीएलआरवर, म्हणजे बँकेच्या स्वतःच्या दरावर, असेल तर फायदा उशिरा आणि अर्धवट पोचतो. शाखेत जाऊन लेखी अर्ज करून बदलून घ्या. माझ्या भाच्याचं २०१७ चं कर्ज, पाऊण टक्का जास्त भरत होता पाच वर्षं, कोणी सांगितलंच नाही.

दुसरा_मजला | २ एप्रिल, सकाळी ९.४०

कालपासून रेडी रेकनरही (सरकारने ठरवलेला जागेचा दर) वाढला, मुंबईत सरासरी ३.३९ टक्के. दोन वर्षं जागेवर होता. करारातली किंमत किंवा रेकनर, जे जास्त त्यावर मुद्रांक शुल्क, त्यामुळे ज्यांचा भाव रेकनरच्या आसपास आहे त्यांनी आकडा पुन्हा काढा.

आकडेमोड | ६ जून, दुपारी २.१५

रेपो ५.५०. चार महिन्यांत एक टक्का. मावशींच्या जानेवारीच्या वहीत हे घाला: ८६ लाख २५ हजारांचा हप्ता साडेआठला ७४,८५० होता, साडेसातला ६९,४८० होईल. महिन्याला ५,३७० वाचले. पण हातचे ४१ लाख तेवढेच राहिले. व्याज उतरल्याने हप्ता हलका होतो, दारातला पहिला डोंगर तसाच राहतो. निशिगंधा, तुमचं काय झालं?

निशिगंधा_भांडुप | २२ जून २०२५, रात्री ११.५०

मंडळी, इतके दिवस लिहिलं नाही, कारण ठरेपर्यंत बोलायचं नाही असं आईने बजावलं होतं.

कळव्याला घेतलं. १९९९ ची इमारत, दुसरा मजला, ३९५ फूट कार्पेट, ६२ लाख. मालक ६९ सांगत होते, सूची २ काढल्या. जीएसटी नाही. ठाण्यात मुद्रांक शुल्क ७ टक्के आहे हे तिथे गेल्यावर कळलं, माझ्या एकटीच्या नावावर म्हणून ६ टक्के पडलं. साइटवरच्या दादांनी सांगितल्याप्रमाणे एकदा मे महिन्यात बघितलं आणि मग पहिल्या जोरदार पावसात न सांगता पुन्हा गेलो. मोरीच्या वरचा कोपरा ओला होता. त्याचे चाळीस हजार कमी करून घेतले.

नोंदणी कार्यालयात अंगठा लावला तेव्हा यंत्राने तीन वेळा घेतलाच नाही. भांडी घासून रेषा गेल्यात म्हणाला तिथला मुलगा, आणि स्वतःच्या रुमालाने बोट पुसून चौथ्यांदा लावलं. लेक बाहेर बाकावर बसून नव्या घराचा नकाशा काढत होती, त्यात तिने स्वतःला खिडकी दिली आहे.

भांडुप सुटलं याचं दुःख आहे. ठाण्यापलीकडे जायचं नाही असं म्हणणारी मीच. शाळा बदलावी लागली. नवऱ्याला आता दोन गाड्या बदलाव्या लागतात. पण २०२४ भर मी सात शहरांच्या सरासरीत माझं घर शोधत होते, आणि ते तिथे नव्हतंच.

एक अडलंय. सोसायटीच्या नावावर जमीन अजून झालेली नाही, बिल्डर हयात नाही. मानीव अभिहस्तांतरण, म्हणजे बिल्डरशिवायच जमीन सोसायटीच्या नावावर करणं, करायचं म्हणतात. कोणी केलंय का?

मोरीवाली | २३ जून, सकाळी ७.३०

खूप खूप अभिनंदन!! खिडकीत कुंडी ठेवा तिची.

अभिहस्तांतरण आम्ही केलंय. अर्ज जिल्हा उपनिबंधकांकडे. सगळ्या सभासदांचे करार, त्यांच्या सूची २, मंजूर नकाशा, सातबारा किंवा मिळकत पत्रिका, सोसायटीचं नोंदणी प्रमाणपत्र आणि सर्वसाधारण सभेचा ठराव लागतो. सभासदांचे जुने करार गोळा करण्यातच आमचे पाच महिने गेले. या रविवारी सभा बोलवा आणि प्रत्येकाकडून झेरॉक्स मागायला आत्तापासून सुरुवात करा. मला व्यक्तिगत निरोप करा, आमच्या अर्जाचा नमुना पाठवते.